अमेरिकेच्या यादवी युद्धातील स्वयंसेवक पलटणी : करार आणि शेजार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या व मोठ्या लढायांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु हे युद्ध ज्यांनी लढले त्यांपैकी फारच थोडे लोक पेशाने शिपाई होते. १८६१ च्या एप्रिलमध्ये फोर्ट समटर या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या, त्या वेळी केंद्र सरकारचे खडे सैन्य अवघे १६,००० च्या आसपास होते, आणि त्यातील बहुसंख्य शिपाई पश्चिमेकडील दूरदूरच्या ठाण्यांत विखुरलेले होते. पुढील चार वर्षांत उत्तरेच्या बाजूने सुमारे २१ लाख आणि दक्षिणेच्या बाजूने साडेआठ ते नऊ लाख माणसे सैन्यात दाखल झाली. शेतकरी, कारागीर, कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी अशा या माणसांना सैन्यात आणले, एकत्र ठेवले आणि लढविले ते स्वयंसेवक पलटण या संस्थेने.

या पलटणीतील शिपाई दोन बंधनांनी बांधलेला होता. एक बंधन कराराचे. ठरावीक मुदत, ठरावीक वेतन आणि नागरिक या नात्याने असलेले हक्क यांच्या बदल्यात त्याने आपली सेवा राज्याला देऊ केली होती. दुसरे बंधन शेजाराचे. ज्यांच्याबरोबर तो लहानाचा मोठा झाला, तेच लोक रांगेत त्याच्या उजव्या-डाव्या हाताला उभे होते. युद्धाने या दोन्ही बंधनांची कसोटी पाहिली. कोणते बंधन केव्हा तुटले आणि कोणते टिकले, हे पाहिल्याशिवाय या सैन्याचे वर्तन उलगडत नाही.

पलटणीची उभारणी

१५ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी राज्यांच्या नागरी दलांतून ७५,००० माणसे तीन महिन्यांसाठी मागितली. युद्ध इतक्यात आटोपणार नाही हे ध्यानात येताच मे महिन्यात तीन वर्षांच्या मुदतीचे स्वयंसेवक मागविण्यात आले, आणि जुलैमध्ये काँग्रेसने ५ लाख स्वयंसेवकांच्या भरतीस मान्यता दिली. ही माणसे केंद्र सरकार स्वतः गोळा करीत नसे. प्रत्येक राज्याला त्याचा वाटा ठरवून दिला जाई व तो पुरा करण्याचे काम राज्याच्या गव्हर्नरकडे असे. गव्हर्नर ते काम गावोगावच्या वजनदार गृहस्थांवर सोपवीत. एखादा वकील, व्यापारी किंवा शिक्षक सभा भरवी, भाषणे होत, आणि तेथल्या तेथे तरुण नावे नोंदवीत. अशी सुमारे शंभर माणसे जमली की एक कंपनी होई. दहा कंपन्या मिळून एक पलटण बने. म्हणजे कागदोपत्री पलटणीची संख्या हजाराच्या घरात असे.

कंपनीचे अधिकारी बहुधा शिपायांनीच मते देऊन निवडलेले असत. कर्नल व त्याखालील वरिष्ठ अधिकारी गव्हर्नर नेमीत. पलटणीचे निशाण पुष्कळदा गावच्या स्त्रियांनी शिवून समारंभाने दिलेले असे. मिनेसोटाचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅम्झी हे फोर्ट समटर पडल्याची वार्ता आली तेव्हा वॉशिंग्टनमध्येच होते. त्यांनी तत्काळ हजार माणसे देऊ केली, आणि त्यातून पहिली मिनेसोटा पलटण उभी राहिली. कनेटिकट राज्यातील लिचफील्ड जिल्ह्याने १८६२ मध्ये एकट्याच्या बळावर एक संबंध पलटण उभारली. न्यूयॉर्कमधील आयरिश व जर्मन वस्त्यांनी आपापल्या पलटणी काढल्या. मेन राज्यातील बोडन कॉलेजचे प्राध्यापक जोशुआ चेंबरलेन यांना यूरोपात जाऊन अभ्यास करण्यासाठी रजा मिळाली होती. ते यूरोपात न जाता १८६२ मध्ये विसाव्या मेन पलटणीत लेफ्टनंट कर्नल म्हणून रुजू झाले.

या पद्धतीचे दोष उघड होते. मतांवर निवडून आलेला कॅप्टन मतदारांना दुखवण्यास कचरे. काल ज्याच्याशी दुकानात बरोबरीने हुज्जत घातली, त्याने आज हुकूम सोडावा हे शिपायाला रुचत नसे. म्हणून १८६१ च्या जुलैमध्येच अधिकाऱ्यांची पात्रता तपासणारी मंडळे नेमण्याचा कायदा करण्यात आला. तरीही या पद्धतीचा एक गुण असा की, तिच्यामुळे अनोळखी माणसांचा जमाव एकमेकांस बांधण्याचे काम कवायतीवर सोपवावे लागले नाही. ते काम गावाने आधीच करून ठेवले होते.

कराराची मुदत

स्वयंसेवक आपल्या सेवेकडे कशा दृष्टीने पाहत होता, हे युद्धाच्या पहिल्या मोठ्या लढाईतच दिसून आले. २१ जुलै १८६१ रोजी बुल रन येथे उत्तरेचे सैन्य लढाईस निघाले, त्याच दिवशी चौथ्या पेनसिल्व्हेनिया पलटणीची तीन महिन्यांची मुदत संपली. सेनापती मॅक्डॉवेल यांनी आणखी थोडे दिवस राहण्याची विनंती केली. ती अमान्य करून पलटण लढाईकडे पाठ फिरवून माघारी निघाली. तिचे कर्नल जॉन हार्ट्रान्फ्ट मात्र मागे राहिले आणि दुसऱ्या एका सेनाधिकाऱ्याच्या हाताखाली लढले. खड्या सैन्यातील अधिकाऱ्यांना पलटणीचे हे वर्तन लाजिरवाणे वाटले. परंतु त्याच हार्ट्रान्फ्ट यांनी पुढे एकावन्नावी पेनसिल्व्हेनिया पलटण तीन वर्षांच्या मुदतीने उभारली, तेव्हा चौथ्या पलटणीतील अनेक जण पुन्हा त्यांच्या हाताखाली दाखल झाले. त्यांच्या पहिल्या वर्तनाचा अर्थ नुसत्या भीतीने लावता येत नाही. दिलेला शब्द पुरा झाला, आता नवा शब्द द्यावयाचा की नाही हे आपण ठरवू, अशी त्यामागील भूमिका होती.

करार सरकारकडून मोडला गेला असे वाटले, तर हाच शिपाई बंड करी. दुसऱ्या मेन पलटणीची दोन वर्षांची मुदत १८६३ च्या मे महिन्यात संपली व ती घरी परतली. पण तिच्यातील सुमारे १२० जणांनी तीन वर्षांच्या कागदावर सह्या केलेल्या होत्या. आपली भरती याच पलटणीसाठी होती, ती गेली म्हणजे आपणही मोकळे, असा त्यांचा समज होता. त्यांनी शस्त्र धरण्याचे नाकारले. त्यांना पहाऱ्यात विसाव्या मेनकडे पाठविण्यात आले आणि ऐकत नसतील तर गोळ्या घालण्याची मुभा चेंबरलेन यांना मिळाली. चेंबरलेन यांनी आधी त्यांना जेवू घातले, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, पहारा काढला आणि त्यांना आपल्या निरनिराळ्या कंपन्यांत वाटून दिले. काही थोडे वगळता सर्वांनी बंदुका उचलल्या. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २ जुलै १८६३ रोजी, गेटिसबर्ग येथील लिटल राउंड टॉप या टेकडीवर विसाव्या मेनने सैन्याची डावी बगल राखली, आणि दारूगोळा संपल्यावर संगिनी रोखून शत्रूवर चाल केली. त्या दिवशी तिची संख्या चारशेच्याही आत होती; यावरून या अनुभवी माणसांचे मोल लक्षात येते.

छावणी व रोगराई

नव्या शिपायाची गाठ शत्रूच्या आधी रोगाशी पडे. शेतावर एकटेपणाने वाढलेल्या तरुणांना गोवर व गालगुंडे लहानपणी झालेली नसत. हजार माणसे एका मैदानात राहू लागताच या रोगांची साथ येई, आणि ग्रामीण पलटणींची पहिली काही महिन्यांतच मोठी हानी होई. मागोमाग विषमज्वर, आमांश व हिवताप येत. पिण्याचे पाणी व शौचाची जागा एकमेकांपासून दूर ठेवण्याचे महत्त्व अधिकाऱ्यांना हळूहळू उमगत गेले. रोगजंतूंचे शास्त्र तर अजून उदयास यावयाचे होते. खारवलेले डुकराचे मांस, दगडासारखी कडक बिस्किटे आणि कॉफी हा रोजचा शिधा. उत्तरेच्या सुमारे ३,६०,००० मृतांपैकी लढाईत किंवा लढाईतील जखमांनी मेलेले सुमारे १,१०,००० होते. उरलेल्यांपैकी बहुतेक रोगाने मेले. दोन्ही बाजूंच्या मृतांचा परंपरागत आकडा ६,२०,००० असा आहे. लोकसंख्येच्या इतिहासाचे अभ्यासक जे. डेव्हिड हॅकर यांनी जनगणनांच्या आधारे २०११ मध्ये तो सुमारे साडेसात लाखांपर्यंत वाढविला, आणि त्यानंतरचे एक संशोधन सात लाखांच्या जवळपास येऊन ठेपले आहे.

शिपायाच्या हातातील शस्त्र बहुधा स्प्रिंगफील्ड किंवा इंग्लंडहून आणलेली एन्फील्ड रायफल असे. हिच्याच काडतुसांवरून १८५७ मध्ये हिंदुस्थानातील शिपायांत असंतोष पेटला होता. ही रायफल लांबवर नेम साधू शकत असली, तरी प्रत्यक्षात बहुतेक चकमकी बऱ्याच जवळून झाल्या, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. खांद्याला खांदा लावून दोन रांगांत उभे राहायचे, भरायचे आणि झाडायचे, ही कवायत अशा वेळी शेजाराच्या बंधनावर अवलंबून असे. रांग सोडून जाणारा माणूस ओळखीच्या डोळ्यांदेखत जाई, आणि त्याची हकीकत पुढच्या टपालाने गावी पोचे. त्या काळी शिपायांच्या पत्रांवर तपासनिसांची कात्री चालत नसे. उत्तरेच्या गोऱ्या शिपायांपैकी शेकडा ९० हून अधिक जण साक्षर होते. गाव आणि रणभूमी यांच्यामध्ये पडदा असा उरलाच नव्हता.

एका दिवसाची किंमत

शेजाराच्या या बळाची किंमतही शेजारालाच मोजावी लागे. गेटिसबर्ग येथे २ जुलैच्या संध्याकाळी पहिल्या मिनेसोटा पलटणीला, फळीतील भगदाड भरून निघेपर्यंत वेळ मिळावा म्हणून, कितीतरी मोठ्या शत्रुसैन्यावर चाल करण्याचा हुकूम झाला. २६२ पैकी २१५ जण ठार किंवा जखमी झाले असा परंपरेने चालत आलेला आकडा आहे. त्याच्या नेमकेपणाविषयी नंतर मतभेद झाले. पण पलटणीचा फार मोठा भाग काही मिनिटांत नाहीसा झाला याविषयी दुमत नाही. त्याच्या आदल्या दिवशी, १ जुलैला, चोविसावी मिशिगन आणि दक्षिणेची सव्विसावी नॉर्थ कॅरोलायना या पलटणी एकमेकींसमोर आल्या. मिशिगनच्या ४९६ पैकी ३६३ माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. सव्विसाव्या नॉर्थ कॅरोलायनाने सुमारे ८०० पैकी बहुसंख्य माणसे गमावली. तिचे एकवीस वर्षांचे कर्नल हेन्री बर्गविन ठार झाले, आणि तिच्या एका कंपनीत जवळजवळ कोणीही अक्षत उरला नाही. त्या कंपनीतील माणसे ज्या जिल्ह्यातून आली होती, त्या जिल्ह्यातील घरांना ही वार्ता एकाच आठवड्यात कळली असणार, हे ध्यानात घेतले म्हणजे आकड्यांचा खरा अर्थ उमगतो.

लिचफील्डच्या पलटणीचा अनुभव आणखी बोलका आहे. तिला पुढे तोफखान्याचे नाव देऊन वॉशिंग्टनभोवतालच्या किल्ल्यांत ठेवण्यात आले होते, व तेथे ती दीर्घकाळ सुरक्षित राहिली. १८६४ मध्ये ग्रँट यांना माणसांची निकड भासली तेव्हा तिला पायदळ म्हणून आघाडीवर आणले गेले. १ जून १८६४ रोजी कोल्ड हार्बर येथील तिच्या पहिल्याच हल्ल्यात कर्नल एलिशा केलॉग पडले आणि तीनशेहून अधिक माणसे ठार, जखमी अथवा बेपत्ता झाली. एका जिल्ह्याची ही एका दिवसाची हानी होय.

अशी झिजलेली पलटण पुन्हा भरून काढण्याची नीट व्यवस्था उत्तरेने केली नाही. जुन्या पलटणीत नवी माणसे घालण्यापेक्षा नवी पलटण काढणे गव्हर्नरांना सोयीचे होते, कारण तीत कर्नलपासून लेफ्टनंटपर्यंतच्या जागा वाटता येत. परिणाम असा झाला की, अनुभवी पलटणी दोनशे-तीनशे माणसांवर येत आणि अननुभवी पलटणी हजार माणसांसह मृत्यूच्या तोंडी जात. विस्कॉन्सिन राज्याने मात्र जुन्या पलटणी भरत्या ठेवण्याचे धोरण ठेवले. विस्कॉन्सिनची एक पलटण सर्वसाधारण ब्रिगेडच्या तोडीची मानली जाई, असा अभिप्राय सेनापती शर्मन यांनी आपल्या आठवणींत नोंदविला आहे.

ज्यांच्याशी करार मोडला

करार आणि शेजार ही बंधने सर्वांना सारख्याच न्यायाने लागू नव्हती. १८६३ च्या आरंभी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी कृष्णवर्णीय स्वयंसेवकांची चौपन्नावी मॅसॅच्युसेट्स पलटण उभारली. फ्रेडरिक डग्लस यांचे दोन पुत्र तीत दाखल झाले. गोऱ्या शिपायाइतकेच, म्हणजे दरमहा १३ डॉलर, वेतन देण्याचे वचन त्यांना मिळाले होते. प्रत्यक्षात १० डॉलर देऊ करण्यात आले आणि त्यांतूनही कपड्यांसाठी ३ डॉलर कापण्याचे ठरले. १८ जुलै १८६३ रोजी या पलटणीने साउथ कॅरोलायनातील फोर्ट वॅग्नरवर हल्ला केला. सुमारे ६०० पैकी अडीचशेहून अधिक माणसे ठार, जखमी किंवा कैद झाली व कर्नल रॉबर्ट शॉ तटावर पडले. यानंतरही वेतनाचा प्रश्न सुटला नाही. पलटणीने कमी वेतन घेण्याचे साफ नाकारले. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तूट भरून देण्याची तयारी दाखविली तेव्हा तीही नाकारली, कारण प्रश्न तीन-सहा डॉलरांचा नसून करारातील समानतेचा होता. मागे त्यांच्या कुटुंबांची उपासमार होत होती. १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसने युद्धारंभी स्वतंत्र असलेल्यांना समान वेतन मान्य केले. जे तेव्हा गुलाम होते त्यांना त्यासाठी १८६५ च्या मार्चपर्यंत थांबावे लागले.

याच प्रश्नावर तिसऱ्या साउथ कॅरोलायना पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर यांनी १८६३ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या कंपनीसह बंदुका खाली ठेवल्या. सरकारने वचन मोडले असता आपण बांधील नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या मेनच्या शिपायांचा युक्तिवाद तत्त्वतः याहून निराळा नव्हता. त्या शिपायांना जेवण आणि सुनावणी मिळाली. वॉकर यांना २९ फेब्रुवारी १८६४ रोजी बंडाच्या आरोपावरून गोळ्या घालून ठार करण्यात आले. स्वयंसेवक सैन्य हे नागरिकांचे सैन्य होते असे म्हणताना नागरिक कोणास मानले जात होते, हा प्रश्न या दोन प्रसंगांच्या तुलनेतून अटळपणे पुढे येतो. उत्तरेच्या सैन्यात अखेरीस सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय शिपाई होते. त्यांनी तो प्रश्न आपल्या सेवेनेच राष्ट्रापुढे मांडला.

१८६४ चा निर्णय

दक्षिणेने हा करार १८६२ मध्येच एकतर्फी बदलला होता. त्या वर्षी १६ एप्रिलच्या कायद्याने सक्तीची लष्करभरती सुरू झाली, आणि एका वर्षासाठी आलेल्या स्वयंसेवकांची मुदत तीन वर्षांची करण्यात आली. त्याच वर्षी वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावर एका गोऱ्या माणसाला सूट देण्यात आली, तेव्हा गरीब शेतकरी शिपायांत असंतोष पसरला. गुलामगिरीचे रक्षण हे ज्या राज्यसंघाच्या स्थापनेचे मूळ, त्याने युद्धाचा भार मात्र बव्हंशी गुलाम नसलेल्यांवर टाकला, ही त्यांची तक्रार होती.

उत्तरेत सक्तीच्या भरतीचा कायदा मार्च १८६३ मध्ये झाला. ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन सुटका करून घेण्याची सोय त्यात असल्याने तो अत्यंत अप्रिय ठरला, आणि जुलैमध्ये न्यूयॉर्क शहरात भीषण दंगल उसळली. तथापि या कायद्याने प्रत्यक्ष सैन्यात आणलेली माणसे सुमारे ४६,००० व बदली माणसे सुमारे १,१८,००० एवढीच होती. अखेरपर्यंत सैन्य मुख्यतः स्वयंसेवकांचेच राहिले.

यामुळे १८६४ मध्ये एक विलक्षण पेच उभा राहिला. १८६१ च्या स्वयंसेवकांची तीन वर्षे संपत आली होती आणि युद्ध ऐन भरात होते. दक्षिणेप्रमाणे मुदत वाढविण्याचा मार्ग उत्तरेने स्वीकारला नाही. शिपायांना विचारण्यात आले. पुन्हा नाव नोंदविणाऱ्यास ४०० डॉलर इनाम व महिन्याभराची रजा देऊ करण्यात आली. पलटणीतील तीन-चतुर्थांश माणसे तयार झाल्यास तिचे नाव व क्रमांक कायम राहील, असेही जाहीर झाले. या शेवटच्या अटीने निर्णय एकट्याचा न राहता पलटणीचा झाला. सुमारे १,३६,००० शिपायांनी पुन्हा नाव नोंदविले. लाखाच्या आसपास माणसांनी नोंदविले नाही. पहिली मिनेसोटा मुदत संपताच घरी गेली. तिच्यातील काहींनी नव्याने उभारलेल्या लहान दळात पुढे सेवा केली. पुढील लढायांचे स्वरूप काय असेल हे या माणसांइतके कोणासही ठाऊक नव्हते; म्हणून त्यांचा होकार १८६१ च्या उत्साहाहून निराळा व अधिक वजनाचा मानावा लागतो.

त्यांना कशाने थांबविले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जेम्स मॅक्फर्सन यांनी हजारावर शिपायांची पत्रे व रोजनिश्या तपासून १९९७ मध्ये असे प्रतिपादन केले की, ध्येयावरील निष्ठा व सोबत्यांवरील निष्ठा या दोन्ही अखेरपर्यंत जिवंत होत्या. डोरा कोस्टा व मॅथ्यू कान या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उत्तरेच्या सुमारे तीनशे कंपन्यांतील शिपायांच्या नोंदींवरून दाखविले की, जेथे माणसे एकाच गावची, एकाच वंशाची किंवा एकाच व्यवसायाची होती, तेथे पळून जाण्याचे प्रमाण कमी होते. जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील बंदिवासात सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० मेले. तेथेही ज्याच्याबरोबर त्याच्या कंपनीतील मित्र होते तो जगण्याचा संभव अधिक होता. शेजार हे केवळ भावनेचे नाव नव्हते, याला यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

ध्येयाचाही विसर पडू देता येत नाही. १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ज्यांची मते वेगळी मोजली गेली, त्या शिपायांपैकी सुमारे शेकडा ७८ जणांनी लिंकन यांना, म्हणजे आपलेच युद्ध पुढे चालविण्याला, मत दिले. १८६१ मध्ये यांतील बहुतेक जण संघराज्य टिकविण्यासाठी निघाले होते; गुलामांची मुक्ती हे त्यांच्यापैकी थोड्यांचेच उद्दिष्ट होते. दक्षिणेतील मळे प्रत्यक्ष पाहिल्यावर आणि कृष्णवर्णीय पलटणी शेजारी लढल्यावर अनेकांची मते बदलली, काहींची बदलली नाहीत. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. त्यांनी गौरविलेल्या त्या कार्यात या पलटणींचा वाटा मोठा होता; मात्र तो वाटा उचलणाऱ्यांचे हेतू संमिश्र होते आणि युद्धाच्या ओघात घडत गेले, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे.

उपसंहार

१८६५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये दोन दिवस संचलन झाले. त्यानंतर पलटणी आपापल्या राज्यांत परतल्या, निशाणे राज्याच्या स्वाधीन केली, वेतन चुकते करून घेतले आणि विसर्जित झाल्या. इतके मोठे सैन्य इतक्या शांतपणे घरी गेले, याचे कारण ते मुळी घरापासून कधी तुटलेच नव्हते. पुढील कित्येक दशके त्यांनी मेळावे भरविले, पलटणींचे इतिहास लिहिले व रणभूमीवर दगडी स्मारके उभारली. ज्यांनी पलटण सोडून पळ काढला होता, त्यांच्यापैकी अनेकांना मात्र गावाची नजर चुकवून अन्यत्र जाऊन राहावे लागले, असे कोस्टा व कान यांना आढळून आले.

विसाव्या शतकातील सैन्यांनी ही रचना सोडून दिली. माणसे केंद्रातून भरती करावयाची, निरनिराळ्या प्रांतांतून मिसळावयाची आणि रिकाम्या जागा सतत भरावयाच्या, ही पद्धत एका गावाचा एका दिवसात विध्वंस होऊ देत नाही. पण १८६४ च्या हिवाळ्यात शिपायांना जो प्रश्न विचारला गेला, तो त्या सैन्यांत सहसा विचारला जात नाही. अमेरिकेच्या स्वयंसेवक पलटणीचे वैशिष्ट्य हेच की, युद्धाच्या अत्यंत निकडीच्या क्षणीही तिच्यातील माणूस होय किंवा नाही म्हणू शकत होता. आणि विल्यम वॉकर यांच्या मृत्यूने दाखवून दिले की, तो हक्क अद्याप सर्वांचा झालेला नव्हता.